बाळंतिणीचं दुखणं

दिवाळीला पिंपरी पेंढारच्या घराघरांत लेकी माहेरी येतात. कुणाच्या मांडीवर महिन्याभराचं बाळ असतं आणि ओटीपोटावर अजून ओले टाके. फराळाच्या गडबडीत ‘दुखतंय’ म्हणायचीसुद्धा तिला चोरी. यंदाचा अंक वाचकांच्या हाती देताना मला तिच्याविषयीच लिहायचं आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सिझेरियनचं प्रमाण २०१५-१६ मध्ये २० टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ते २५ टक्क्यांवर गेलं. म्हणजे चारांत एक बाळंतीण पोटावर शस्त्रक्रिया झालेली. तिला ‘आम्ही नाही का सोसलं?’ असं ऐकवणं मला क्रूरपणाचं वाटतं. दुखण्यानं तिला कुशीवर वळता येत नाही, बाळाला नीट पाजता येत नाही. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, वेळच्या वेळी घेतलं तर बहुतेकींचं भागतं आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही ते चालतं. त्यानं भागलं नाही तर दवाखान्यात ट्रामाडोल देतात. हे औषध कारखान्यात बनतं, पण शरीरात काम अफूच्या वळणानंच करतं. डॉक्टरांच्या नजरेखाली, थोडे दिवस दिलं तर त्यात वावगं काही नाही.

बिघडतं ते घरी आल्यावर. सिझेरियन आळेफाट्याला किंवा नारायणगावला झालेलं, फाईल सासरी राहिलेली. पाठ भरून आली की भाऊ गोळ्यांचं रिकामं पाकीट घेऊन मेडिकलवर जातो आणि म्हणतो, “हीच द्या.” पाकिटावर लाल चौकटीत इशारा असतो, तो कुणी वाचत नाही. मार्च २०१४ पासून अशा औषधाच्या विक्रीची नोंद रुग्णाच्या आणि डॉक्टरच्या नावानिशी वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षं जपणं दुकानदाराला बंधनकारक आहे. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडोल अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं. तरी चिठ्ठीऐवजी पाकीट चालून गेलं, तर कायदा काउंटरच्या अलीकडेच राहिला.

या गोळीनं गरगरतं, मळमळतं, शौचाला खडा होतो, आणि टाके असताना तो त्रास काय असतो हे बाईच जाणे. काहींना झटके येतात. रोज घेत गेलं की शरीराला सवय लागते. आणि दुधावाटे ती बाळापर्यंत पोचते. काहींच्या यकृतात ट्रामाडोल किंवा कोडीन फार झपाट्यानं जास्त जोरकस रूपात बदलतं. म्हणूनच २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं स्तनपान देणाऱ्या आयांनी ही दोन्ही औषधं घेऊ नयेत, असा इशारा दिला. त्याच देशातल्या एका मोठ्या अभ्यासात, आधी असं औषध कधी न घेतलेल्या बायकांपैकी साधारण ३०० मागे एक सिझेरियननंतर ते घेतच राहिल्याचं आढळलं. प्रमाण लहान दिसतं. पण सिझेरियन लाखोंनी होतात.

अफू आणि तान्हं बाळ ही गाठ आपल्याला नवी नाही. १९२२ मध्ये डॉ. बार्न्स यांनी मुंबईतल्या गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या १०० पैकी ९८ बाळांना अफू दिली जात असल्याचं नोंदवलं. आई दिवसभर साच्यावर, घरी बाळ झोपून राहावं म्हणून ‘बाळगोळी’. त्या आयांना दोष देववत नाही. पाळणाघर नव्हतं, रजा नव्हती. आजच्या आईला तर आपण काय घेतोय हेही कुणी सांगितलेलं नसतं.

सांगणं काही अवघड नाही. घरी सोडताना डॉक्टरांनी कार्डावर मराठीत लिहावं: ही गोळी इतके दिवस, नंतर बंद. आशाताई सहा आठवड्यांत बाळाला बघायला घरी येतात, वजन घेतात, ताप पाहतात. त्यांनी आईलाही विचारावं, ‘दुखतंय का, आणि कोणती गोळी चालू आहे?’ घरातल्यांनी पाकीट नव्हे, चिठ्ठी घेऊन जावं. गोळी चालू असताना बाळ फार सुस्त झालं, दूध ओढेना किंवा श्वास अडखळला, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करावा. आणि जिला महिनोन्‌महिने घेऊन सवय लागली आहे, तिनं एकदम सोडू नये, लपवूही नये. डॉक्टरांच्या सल्ल्यानं ती हळूहळू कमी करता येते, आणि तिथं तिच्यासोबत सासूबाई किंवा आई गेली तर फार बरं.