लहानपणी कांजिण्या झाल्याच नाहीत? मग तुम्ही सुरक्षित आहात का?

घरातल्या मुलाच्या अंगावर पाण्याचे फोड उठले की मोठी माणसं एकमेकांना विचारतात, ‘तुला झाल्या होत्या का?’ ‘नाही’ म्हणणारा बऱ्याचदा पुढे जोडतो, ‘मला होतच नाहीत.’ या भरवशावर राहणं महागात पडू शकतं.

‘झाल्या नाहीत’ याचे दोन अर्थ

कांजिण्या ‘व्हॅरिसेला झोस्टर’ या विषाणूमुळे होतात. काहींना लहानपणी संसर्ग होऊन गेलेला असतो, पण फोड इतके थोडे की कुणाच्या लक्षातच येत नाही. अशांच्या रक्तात अँटिबॉडी सापडतात. बाकीच्यांची विषाणूशी गाठच पडलेली नसते. त्यांना संरक्षण नसतं. ते फक्त आतापर्यंत वाचलेले असतात. उष्ण कटिबंधातील देशांत हा संसर्ग तुलनेने उशिरा होतो. त्यामुळे आपल्याकडे असे प्रौढ कमी नाहीत.

मोठेपणी झाल्या तर?

मुलांमध्ये आठवड्याभरात ओसरणारा हा आजार प्रौढांना जास्त त्रास देतो. न्यूमोनियाचा धोका वाढतो. गरोदर स्त्रियांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना तो अधिक असतो. बाळंतपणाच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत आईच्या अंगावर पुरळ आलं, तर नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

कसं कळणार?

‘व्हॅरिसेला आयजीजी’ ही रक्तचाचणी. पॉझिटिव्ह आली तर सहसा संरक्षण आहे असं समजतात. मात्र लसीमुळे आलेलं संरक्षण ही चाचणी कधी कधी पकडत नाही. त्यामुळे दोन डोसांची नोंद असेल तर ती पुरेशी मानतात.

लस कुणी घ्यावी?

संरक्षण नसलेल्या प्रौढांना चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस दिले जातात. लसीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. म्हणून गरोदरपणात ती देत नाहीत, आणि घेतल्यावर किमान महिनाभर गर्भधारणा टाळायला सांगतात. देशाच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ती नसल्याने बहुतेकांना खासगी दवाखान्यात पैसे मोजावे लागतात.

घरात रुग्ण असेल तर?

पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत संसर्ग पसरतो. लक्षणं १० ते २१ दिवसांत दिसतात. संपर्कानंतर तीन, फार तर पाच दिवसांत लस घेतली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. गरोदर स्त्रीने मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. तिच्यासाठी इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन असतं आणि ते १० दिवसांच्या आत द्यावं लागतं. नागीण झालेल्याच्या फोडांतूनही हाच विषाणू पसरतो, हेही लक्षात ठेवावं.

प्रश्न आधीच विचारा

मूल होऊ देण्याचा विचार करणाऱ्या जोडप्याला डॉक्टर हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइड तपासायला सांगतात. त्या यादीत ‘कांजिण्या झाल्या होत्या का?’ हा प्रश्नही हवा. गरोदरपणात उत्तर ‘नाही’ निघालं, तर लस घेण्याची वेळ निघून गेलेली असते. मुलांमध्ये वावरणारे शिक्षक, अंगणवाडी सेविका, परिचारिका यांनीही हा प्रश्न टाळू नये. सुरुवात सोपी आहे: आईला फोन करा. तिला नक्की आठवत नसेल, तर रक्त तपासा.