दुबईतून आरतीचा व्हिडिओ कॉल लागत नाही, म्हणून व्हीपीएन टाकायचं का?

लालबागच्या चाळीत गणपती बसलेत, संध्याकाळची आरती सुरू होतेय, आणि आई दुबईतल्या मुलाला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावते. रिंग जाते, तो उचलतोही, पण स्क्रीनवर नुसतं ‘कनेक्टिंग’. नेट दोन्हीकडे चांगलं आहे. मेसेज जातात, मोदकांचा फोटो जातो. कॉल तेवढा लागत नाही. मग शेजारचा कुणीतरी जाणकार सांगतो, ‘त्याला म्हणावं एक फ्री व्हीपीएन टाक, तिथे सगळे तेच करतात.’

गिरगाव, दादर, परळ, लालबाग भागात ज्यांच्या घरातलं कुणी आखातात नोकरीला आहे, चीनमध्ये किंवा रशियात डॉक्टरकी शिकतंय, त्यांतल्या बऱ्याच जणांनी हा सल्ला ऐकलेला असतो. सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही. पण तो ऐकणाऱ्याचा व्हिसा जाऊ शकतो, आणि बँकेचा पासवर्डही. म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊ.

आधी दुबईचं बघू. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲप बंद नाही, फक्त त्यावरचे कॉल बंद आहेत. इंटरनेटवरून कॉलची सेवा द्यायला तिथे परवाना लागतो आणि ‘टीडीआरए’ ही नियामक संस्था त्यावर लक्ष ठेवते. म्हणजे हा मामला राजकीय सेन्सॉरशिपचा कमी आणि टेलिकॉम कंपन्यांच्या धंद्याचा जास्त आहे. फुकट कॉल सर्रास सुरू झाले तर आंतरराष्ट्रीय कॉलचे पैसे कोण भरणार?

व्हीपीएनबद्दल तिथला कायदा काय म्हणतो? २०२१ चा सायबर गुन्ह्यांचा कायदा (क्रमांक ३४) असं सांगतो की, गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी खोटा आयपी पत्ता वापरला तर ५ लाख ते २० लाख दिरहम दंड आणि तुरुंगवासही होऊ शकतो. दिरहम २३-२४ रुपयांना धरला तर हा आकडा सव्वा कोटीच्या आसपास सुरू होतो. व्हीपीएन असणं हा तिथे गुन्हा नाही. बँका आणि कंपन्या कामासाठी ते राजरोस वापरतात. पण बंद केलेली सेवा व्हीपीएन लावून वापरली तर ती ‘गुन्ह्यासाठी’ धरायची की नाही, हे ठरवणं आपल्या हातात नसतं. ‘सगळेच वापरतात’ हे वाक्य कोर्टात उपयोगाचं नाही. पगारावर घर चालवणाऱ्या माणसाला दंडाच्या आकड्यापेक्षाही ‘परत पाठवलं तर?’ हा प्रश्न मोठा असतो.

आता खरी गंमत. आरतीच्या कॉलसाठी व्हीपीएन लागतच नाही. बोटिम, गोचॅट अशी परवानगी असलेली ॲप्स तिथे चालतात. झूम, मायक्रोसॉफ्ट टीम्स आणि गुगल मीट यांनाही मुभा आहे. लालबागच्या घरात आईच्या फोनवर तेच ॲप टाकलं की झालं. मंडळांच्या दर्शनाचं यूट्यूबवरचं थेट प्रक्षेपण तर तिथे सरळ दिसतं. सौदी अरेबियानं असे कॉल सप्टेंबर २०१७ मध्येच खुले केले, त्यामुळे ‘आखातात सगळीकडे बंद आहे’ हेही खरं नाही. ज्या देशात माणूस आहे तिथे नेमकं काय बंद आहे, हे बघितल्याशिवाय व्हीपीएनच्या शोधात निघू नये.

चीन आणि रशियाची गोष्ट वेगळी

कोविडच्या आधी चीनमध्ये २३ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते आणि त्यात बहुतेक एमबीबीएसचे. तिथे गुगल, यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप यांपैकी काहीच उघडत नाही. जीमेल नाही, म्हणजे कॉलेजनं पाठवलेला मेलही नाही. सरकारी परवानगी नसलेलं व्हीपीएन बेकायदा आहे. वापरणाऱ्यांना क्वचित छोटा दंड झाल्याची उदाहरणं आहेत, पण कारवाईचा खरा रोख विकणाऱ्यांवर असतो. ग्वांग्शी प्रांतात व्हीपीएन विकणाऱ्या एकाला डिसेंबर २०१७ मध्ये साडेपाच वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी ॲपलनं चीनमधल्या ॲप स्टोअरमधून व्हीपीएनची ॲप्स काढून टाकली. त्यामुळे तिथे उतरल्यावर शोधू म्हटलं तर शोधायची जागाच बंद असते.

रशियात हे टप्प्याटप्प्यानं आलं. युक्रेन युद्धानंतर मार्च २०२२ मध्ये फेसबुक आणि इन्स्टाग्राम बंद झालं. मार्च २०२४ पासून व्हीपीएनचा प्रचार करण्यावर बंदी आली. ऑगस्ट २०२५ मध्ये व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामचे कॉल अडवायला सुरुवात झाली. त्यानंतर १ सप्टेंबर २०२५ पासून ‘अतिरेकी’ ठरवलेला मजकूर मुद्दाम शोधणं हाच दंडाचा विषय झाला, मग तो व्हीपीएन लावून शोधला तरी. तिथे शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी हा शेवटचा मुद्दा पुन्हा एकदा वाचावा. कायदा आता कोणती साइट उघडली यापाशी थांबत नाही, काय शोधलं इथपर्यंत येतो.

दादरचा मामा

व्हीपीएन करतं काय? समजा, गिरगावच्या पोस्टातला माणूस प्रत्येक पत्रावरचा पत्ता वाचतो आणि पुण्याला जाणारी पत्रं अडवतो. मग तुम्ही पुण्याचं पत्र एका मोठ्या पाकिटात घालता आणि वर दादरच्या मामाचा पत्ता लिहिता. मामा बाहेरचं पाकीट फोडतो आणि आतलं पत्र पुण्याला टाकतो. उत्तरही तसंच उलट्या वाटेनं येतं. गिरगावच्या पोस्टाला एवढंच कळतं की हा माणूस मामाला फार पत्रं लिहितो.

पण मामाला सगळं कळतं. कुणाला पत्र गेलं, किती वाजता, किती वेळा. आतलं पत्रही बंद असेल (हल्ली बहुतेक साइट एचटीटीपीएस वापरतात, ते म्हणजे हे आतलं बंद पाकीट), तर मजकूर वाचता येत नाही, पण पत्ता दिसतोच. म्हणजे व्हीपीएननं पाळत संपत नाही. ती पोस्टमनकडून मामाकडे जाते. म्हणून वेग किती, देश किती, ऑफर किती टक्क्यांची, हे सगळं नंतर. आधी मामा कोण आहे ते बघायचं.

हा धडा गिरगाव-चौपाटीनं फार पूर्वी घेतलाय. ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, नेते पकडले गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. तेव्हा २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. ट्रान्समीटर चौपाटी, गिरगाव, वाळकेश्वर, महालक्ष्मी असा जागा बदलत फिरायचा आणि पोलिसांची लहरी शोधणारी गाडी मागावर असायची. जेमतेम तीन महिने हे चाललं. १२ नोव्हेंबर १९४२ ला धाड पडली, ती त्यांच्याच एका तंत्रज्ञानं पोलिसांना जागा सांगितल्यामुळे. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. यंत्रणा चोख होती. फुटला तो आतला माणूस. स्वातंत्र्यलढ्याची आणि व्हॉट्सॲप कॉलची बरोबरी करायचा इथे अजिबात हेतू नाही, पण गुप्त मार्ग कुठून फुटतात ते तेव्हापासून फारसं बदललेलं नाही.

मग मामा तपासायचा कसा?

लोक पहिल्यांदा गुगलवर ‘बेस्ट व्हीपीएन’ टाकतात. तिथेच फसगत सुरू होते. केप टेक्नॉलॉजीज नावाची एक कंपनी आहे. सायबरघोस्ट, प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस ही व्हीपीएन तिची, आणि २०२१ मध्ये तिनं एक्स्प्रेसव्हीपीएन ९३ कोटी ६० लाख डॉलर्सना घेतलं. त्याच वर्षी तिनं व्हीपीएनमेंटॉर ही व्हीपीएनची परीक्षणं लिहिणारी साइट चालवणारी कंपनीही विकत घेतली. म्हणजे दुकान आणि दुकानांना स्टार देणारा एकाच घरातले. यामुळे ही व्हीपीएन वाईट ठरत नाहीत. पण ‘टॉप टेन’च्या यादीवर किती विसंबायचं ते कळतं. यूट्यूबरनं व्हिडिओच्या मध्येच दिलेला डिस्काउंट कोडही याच जातीचा.

दुसरा सापळा फुकटचा. सर्व्हरला पैसे लागतात, तुम्ही देत नसाल तर ते दुसरं कुणीतरी देतंय. फेसबुकनं २०१३ मध्ये ओनावो ही कंपनी घेतली. तिचं फुकट व्हीपीएन लोक सुरक्षिततेसाठी टाकायचे आणि ते कोणती ॲप किती वापरतात याची माहिती फेसबुकला मिळायची. ऑगस्ट २०१८ मध्ये ॲपलच्या सांगण्यावरून ते स्टोअरमधून निघालं. होला या फुकट व्हीपीएनचं तर २०१५ मध्ये असं उघड झालं की, वापरणाऱ्यांचंच इंटरनेट ते दुसऱ्यांना विकत होतं. म्हणजे तुमच्या कनेक्शनवरून परका माणूस काहीतरी उद्योग करणार आणि पत्ता तुमचा दिसणार. दुबईत बसलेल्या माणसाला हे केवढ्याला पडेल याचा विचार करा. सगळंच फुकट टाकाऊ नसतं. प्रोटॉनसारख्या कंपन्या पैसे भरणाऱ्या ग्राहकांच्या जिवावर मर्यादित फुकट सेवा देतात. मात्र पैसे कुठून येतात ते समजलं नाही, तर लांब राहिलेलं बरं.

तिसरी गोष्ट ‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ या दाव्याची. हे सगळेच लिहितात. जुलै २०२० मध्ये हाँगकाँगशी संबंधित सात फुकट व्हीपीएनचा डेटा उघड्यावर सापडला. सातही जण नोंदी न ठेवणारे, आणि सापडल्या त्या नोंदीच. उलट बाजूला स्वीडनच्या मुलवाडचं उदाहरण आहे. एप्रिल २०२३ मध्ये पोलीस वॉरंट घेऊन त्यांच्या ऑफिसात गेले आणि रिकाम्या हातानं परतले, कारण न्यायला ग्राहकांची माहितीच नव्हती. तुर्कस्तानात २०१७ मध्ये एक्स्प्रेसव्हीपीएनचा सर्व्हर जप्त झाला, त्यातही काही मिळालं नाही. निवडताना हेच शोधायचं. कंपनीवर कधी वेळ आली होती का, आणि तेव्हा काय झालं? बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करून तिचा अहवाल जाहीर केलाय का? मालकाचं नाव आणि देश साइटवर सरळ लिहिलाय का?

चीन-रशियासाठी आणखी एक अट आहे. तिथली यंत्रणा नुसता पत्ता बघत नाही, पाकिटाचा आकार बघूनही ‘हे व्हीपीएन आहे’ असं ओळखते. म्हणून साध्या साइटसारखा वेष घेणारं, म्हणजे ‘ऑब्फस्केशन’ असलेलं व्हीपीएन लागतं. तेही आज चालेल आणि उद्या बंद पडेल. तीन वर्षांचं पॅक एकदम घेऊ नये, महिन्याचं घ्यावं. ‘किल स्विच’ चालू ठेवावा, म्हणजे व्हीपीएन तुटलं तर नेटही थांबतं आणि पत्ता उघडा पडत नाही. ऐन वेळी घाई झाली की माणूस हाताला लागेल ते टाकतो. नेपाळनं सप्टेंबर २०२५ मध्ये २६ समाजमाध्यमं बंद केली तेव्हा हेच झालं.

चीनला थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्यांना एक सोपी वाट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. भारतातल्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग असेल तर डेटा सहसा भारतातल्या कंपनीच्या नेटवर्कमधून फिरून येतो, त्यामुळे व्हॉट्सॲप चालतं. हॉटेलचं वायफाय लावलं की बंद. महाग पडतं, पण आठ दिवसांच्या ट्रिपला पुरतं.

आणि कोणतंही व्हीपीएन घेतलं तरी लॉगिन केलेलं खातं, जीपीएस, सिमचा नंबर आणि ऑफिसचा लॅपटॉप यातलं काहीच लपत नाही. बँकेचं ॲप अनोळखी व्हीपीएनवरून उघडू नये. रोज वेगळ्या देशातून लॉगिन दिसलं तर बँक खातं अडवते, आणि ते सोडवायला परळच्या शाखेत वडिलांना चकरा माराव्या लागतात.

आणि भारतात?

परदेशातल्या मराठी माणसाला उलटंही व्हीपीएन हवं असतं. भारतात दिसणारी मालिका बघायची, इथल्याच पत्त्यावर उघडणारी साइट वापरायची. त्यासाठी भारतातला सर्व्हर लागतो. पण २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या सरकारी संस्थेनं आदेश काढला की, व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन नंबर आणि दिलेले आयपी पत्ते जपून ठेवायचे, तेही पाच वर्षं. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनना यातून सूट आहे. सायबर गुन्ह्यांच्या तपासासाठी हे गरजेचं आहे, असं सरकारचं म्हणणं. यात गुन्हेगारापेक्षा साध्या ग्राहकाचीच माहिती जास्त साठणार, हा टीकाकारांचा आक्षेप, आणि त्यात तथ्य आहे. लपायचंच आहे तो नाव खरं कशाला देईल?

मुदत सप्टेंबर २०२२ पर्यंत वाढली, पण एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. ज्या ॲप्सच्या यादीत आजही ‘इंडिया’ किंवा ‘मुंबई’ दिसतं, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी पत्ता तेवढा भारतातला असतो. सर्व्हर सिंगापूर नाहीतर लंडनमध्ये असतो.