खासगी शाळांच्या यशाचा पूर्ण हिशेब फलकावर यावा

१३ मे २०२५ रोजी राज्य मंडळ आणि सीबीएसई या दोन्ही मंडळांचे दहावीचे निकाल एकाच दिवशी लागले. निकाल लागला की यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रस, उमरखेड इथल्या चौकाचौकांत खासगी शाळांचे फलक उभे राहतात, हा दरवर्षीचाच क्रम आहे. नव्वदीपुढच्या मुलांचे फोटो, त्यांचे टक्के आणि खाली ‘प्रवेश सुरू’. मुलांची मेहनत खरी असते. तुटपुंज्या पगारात त्यांना शिकवणाऱ्या शिक्षकांचे श्रेयही खरे असते. पण शाळेने आपली कामगिरी भर चौकात मांडली, की त्या कामगिरीचा हिशेब मागण्याचा हक्क चौकातल्या प्रत्येक माणसाला मिळतो. आज त्या फलकावर हिशेबाची एकच बाजू असते.

आधी टक्केवारीचेच पाहावे. राज्यात दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले अंतर्गत गुण काढले गेले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. हे गुण परत मिळाले आणि २०२० मध्ये तो ९५.३० टक्के झाला. या दोन वर्षांत शाळा त्याच होत्या आणि शिक्षकही बहुतांश तेच. त्यामुळे ‘शंभर टक्के निकाल’ या तीन शब्दांतून शाळेविषयी फार थोडे कळते. परीक्षेला किती मुले बसली, पहिलीत आलेल्यांपैकी किती दहावीपर्यंत टिकली, नववीनंतर किती जणांना दुसरी शाळा शोधावी लागली, हे सोबत सांगितले तरच त्या आकड्याला अर्थ येतो.

यातला सर्वांत मोठा प्रश्न २५ टक्के जागांवर आलेल्या मुलांचा आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम १२(१)(क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळेने प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या असतात. महाराष्ट्रात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटके आणि इतर मागासवर्ग यांना यासाठी उत्पन्नाची अट नाही. इतर दुर्बल कुटुंबांसाठी मर्यादा वार्षिक एक लाख रुपयांची आहे. कोलाम, गोंड, आंध, परधान, बंजारा या समाजांची मोठी वस्ती असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात ही तरतूद म्हणजे हजारो घरांसाठी उघडलेला रस्ता आहे.

तो रस्ता बंद करण्याचा प्रयत्नही झाला. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट, असा तो बदल होता. तालुक्याच्या गावात नगर परिषदेची, जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित शाळा सहसा हाकेच्या अंतरावर असतेच. म्हणजे नावाजलेल्या शाळांपैकी बहुतेकांना सूट आणि गरिबाच्या मुलाला बंद फाटक, एवढाच त्या नियमाचा अर्थ उरत होता. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो रद्द केला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा निकाल कायम ठेवला. अलीकडच्या काळात खासगी शाळांच्या जगात याहून मोठी घटना घडलेली नाही. फलकांवर मात्र तिचा उल्लेख सापडणार नाही.

संस्थाचालकांचे एक म्हणणे रास्त आहे. या मुलांपोटी शासनाने द्यायची रक्कम, प्रति विद्यार्थी वर्षाला १७,६७० रुपये, वेळेवर मिळत नाही आणि थकबाकी वर्षांनुवर्षे साचते. शासनाने ती फेडलीच पाहिजे. पण त्या थकबाकीचे ओझे मुलाच्या पाठीवर टाकता येत नाही. पालकाकडून वेगळी रक्कम मागणे, मुलाला निराळ्या तुकडीत बसवणे, सहलीतून आणि स्नेहसंमेलनातून वगळणे हा अन्याय आहे. तो जिथे होतो तिथे त्याला अन्यायच म्हटले पाहिजे.

कायद्याचे संरक्षण आठवीला संपते. राज्यात हे प्रवेश २०१२-१३ पासून झाले. त्या वर्षी पहिलीत बसलेले मूल २०२०-२१ मध्ये, ऐन कोरोनाच्या वर्षात, नववीच्या दारात उभे राहिले, आणि तिथून पूर्ण शुल्क भरणे त्याच्या आईबापांवर आले. शेतमजुराच्या घराला ते झेपत नाही. आठ वर्षे एका शाळेत, एका भाषेत, एका मित्रमंडळात वाढलेले मूल मग दाखला घेऊन बाहेर पडते. दहावीच्या फलकावर त्याचा फोटो येत नाही, कारण दहावीपर्यंत ते त्या शाळेत नसतेच. ज्या संस्थेला आपल्या यशाचा अभिमान आहे, तिने या मुलांना दहावीपर्यंत त्याच सवलतीत ठेवावे. कायदा सक्ती करत नसला, तरी मनाईही करत नाही.

शुल्क भरणाऱ्या पालकांचेही हाल कमी नाहीत. विदर्भातल्या शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात. नेमकी तीच पेरणीची घाई. २०२५ च्या हंगामात बीटी कपाशीच्या बियाण्याचे एक पाकीट ९०१ रुपयांना होते. खत आणि मजुरी वेगळीच. कापूस घरात येतो दिवाळीच्या मागेपुढे आणि पैसा हातात पडतो त्यानंतर. शाळेचा पहिला मोठा हप्ता, गणवेश, वह्या-पुस्तके, बसचे पैसे हे सगळे मात्र जूनमध्येच लागते. कर्ज काढल्याशिवाय दोन्ही साधत नाही, आणि शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या या जिल्ह्यात कर्जाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. वर्षाच्या शुल्काचा मोठा भाग डिसेंबर-जानेवारीत घेण्याने संस्थेचे काही बुडणार नाही.

यासाठीचा कायदा हाताशी आहे. २०११ चा शुल्क विनियमन अधिनियम १ डिसेंबर २०१४ पासून लागू झाला. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हावा, कार्यकारी समितीतले पालक सोडतीने निवडले जावेत, पुढच्या वर्षाच्या शुल्काचा प्रस्ताव व्यवस्थापनाने किमान सहा महिने आधी या समितीपुढे ठेवावा आणि ठरलेले शुल्क शाळेच्या सूचना फलकावर लावावे, असे तो सांगतो. समिती आणि व्यवस्थापन यांचे जमले नाही, तर विभागीय शुल्क नियामक समिती आहे. पालकांची तक्रार मात्र सोपी नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार शुल्काविरुद्ध दाद मागायला किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. एकट्या पालकाचा आवाज त्यामुळे दबतो. संघाची बैठक कागदावरच उरकली जाते तिथे तर तो ऐकूच येत नाही.

म्हणून जिल्ह्यातल्या सोळाही तालुक्यांतील पालकांनी जुलै संपण्याआधी आपल्या शाळेला लेखी विचारावे: संघ कधी स्थापन झाला, सोडत सर्वांसमोर झाली का, २५ टक्क्यांच्या किती जागा भरल्या, आठवीनंतर त्यातली किती मुले शाळेत राहिली, शुल्काचे हप्ते कापसाच्या हंगामानुसार का ठेवता येत नाहीत. उत्तरे शाळेने फाटकाजवळच्या फलकावर, निकालाच्या टक्केवारीशेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरांत लावावीत. उत्तर न देणाऱ्या शाळांची यादी पालकांनी जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावी आणि पोच घ्यावी.