दोन भाषांचा एक गायक: जुआन मानुएल सेरात

१/
६ एप्रिल १९६८. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये युरोव्हिजन गीतस्पर्धेचा निकाल लागला. स्पेनला २९ गुण, ब्रिटनच्या क्लिफ रिचर्ड यांना २८. अवघ्या एका गुणाच्या फरकाने स्पेन ही स्पर्धा प्रथमच जिंकला. मात्र हे गाणे मुळात ज्याने गायचे ठरले होते, तो गायक त्या सभागृहात नव्हता.

२/
त्याचे नाव जुआन मानुएल सेरात. वय २४ वर्षे. स्पर्धेला दोन आठवडेही उरले नसताना त्यांनी स्पेनच्या सरकारी दूरचित्रवाणीला पत्राने कळवले, की गाणे कॅटलान भाषेत गाऊ दिले तरच आपण लंडनला जाऊ. नकार आला. मेक्सिकोत असलेल्या मासिएल या गायिकेला तातडीने बोलावून गाणे तिच्याकडे सोपवण्यात आले.

३/
गाण्याचे नाव होते ‘ला, ला, ला’. त्यातला मोठा भाग म्हणजे याच एका अक्षराची आवर्तने, आणि ते अक्षर कोणत्याच भाषेच्या मालकीचे नव्हे. तरीही उरलेल्या मोजक्या ओळी कोणत्या भाषेत म्हणायच्या, यावरून एक राजवट अडून बसली. असे का, हे समजण्यासाठी मागे जावे लागते.

४/
१९३९ मध्ये यादवी युद्ध जिंकून जनरल फ्रँको सत्तेवर आला. एक देश, एक सत्ता, एक भाषा हा त्याच्या राजवटीचा आग्रह होता. ती भाषा कास्तिलियन, म्हणजे जगाला ‘स्पॅनिश’ म्हणून ठाऊक असलेली. शाळा, न्यायालये आणि सरकारी कचेऱ्यांतून कॅटलान हद्दपार झाली. ती उरली घरात आणि गल्लीत.

५/
सेरात यांचा जन्म २७ डिसेंबर १९४३ चा, बार्सिलोनाच्या पोबले-सेक या कामकरी वस्तीतला. वडील कॅटलान, युद्धात हरलेल्या बाजूचे. आई आरागॉन प्रांतातील बेल्चिते गावची. युद्धाने त्या गावाचा चुराडा केला आणि तिच्या अनेक नातलगांचा बळी घेतला. वडिलांची भाषा कॅटलान, आईची कास्तिलियन. सेरात यांना दोन्ही भाषा घरातूनच मिळाल्या.

६/
पुढच्या सगळ्या कहाणीची किल्ली इथे आहे. राजवटीच्या लेखी कास्तिलियन ही सत्तेची भाषा होती. सेरात यांच्यासाठी ती आईची होती. त्यांच्या घरात तीच पराभूतांची, शोक करणाऱ्यांची भाषा होती. तिला शत्रूची भाषा मानणे त्यांना शक्यच नव्हते.

७/
शेतकी तंत्राचे शिक्षण घेतलेला हा तरुण १९६५ मध्ये ‘सोळा न्यायाधीश’ या गायकसमूहात तेरावा सदस्य म्हणून दाखल झाला. समूहाचे नाव एका कॅटलान वाक्यावरून घेतलेले, परक्याची जीभ हमखास अडखळावी असे. निर्बंध थोडे सैलावले होते. कॅटलान ध्वनिमुद्रिका निघू लागल्या होत्या. ‘नवगीत’ चळवळीचे सेरात हे लवकरच सर्वांत लोकप्रिय नाव झाले.

८/
आणि १९६८ च्या सुमारास त्यांनी कास्तिलियनमध्येही गायला सुरुवात केली. चळवळीतले अनेक जण दुखावले. बाजारासाठी आपली भाषा सोडली, असा आरोप झाला. युरोव्हिजनची निवड नेमकी याच वादळात आली. एका बाजूला दूरचित्रवाणी, दुसऱ्या बाजूला संतापलेले स्वकीय.

९/
म्हणूनच काही टीकाकार म्हणतात, की ते पत्र धैर्यातून नव्हे, दडपणातून आले. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. सेरात यांनी निवड आधी स्वीकारली होती, गाणे कास्तिलियनमध्ये ध्वनिमुद्रितही केले होते. निर्णय उशिरा झाला आणि तो घेताना स्वकीयांची नाराजी त्यांना दिसत नव्हती, असे म्हणता येणार नाही.

१०/
परंतु निर्णयाचे मोल केवळ हेतूच्या शुद्धतेवर ठरत नाही. त्याची किंमत कोणी मोजली, तेही पाहावे लागते. सरकारी माध्यमांचे दरवाजे सेरात यांना बंद झाले. दूरचित्रवाणी सरकारच्या मुठीत असलेल्या देशात, लोकप्रियतेच्या पायरीवर नुकत्याच चढलेल्या गायकाला ही किंमत थोडी नव्हती.

११/
त्या पत्राचा खरा अर्थ पुढच्या वर्षी उलगडला. १९६९ मध्ये सेरात यांनी आन्तोनिओ माचादो यांच्या कवितांना वाहिलेली संपूर्ण ध्वनिमुद्रिका काढली, आणि तीही कास्तिलियनमध्ये. माचादो फ्रँकोच्या सैन्यापुढून निसटून फ्रान्समध्ये गेले आणि १९३९ मध्ये तिथेच वारले. १९७२ मध्ये मिगेल एर्नान्देस यांच्या कविता आल्या. हे कवी १९४२ मध्ये फ्रँकोच्या तुरुंगात क्षयाने गेले होते.

१२/
कास्तिलियनचा द्वेष करणारा माणूस हे करणार नाही. सेरात यांनी राजवटीची भाषा नाकारली नाही. राजवटीचा त्या भाषेवरील हक्क नाकारला. माचादो आणि एर्नान्देस यांची भाषा फ्रँकोची असू शकत नाही, हे त्यांनी भाषण न करता, चाली लावून सांगितले. १९७१ ची ‘मेदितेर्रानेओ’ ही त्यांची सर्वांत गाजलेली ध्वनिमुद्रिकाही कास्तिलियनच.

१३/
सप्टेंबर १९७५ मध्ये राजवटीने पाच जणांना गोळ्या घालून मृत्युदंड दिला. सेरात तेव्हा मेक्सिकोत होते. त्यांनी जाहीर निषेध केला; मायदेशी त्यांच्या अटकेचा हुकूम निघाला. जवळपास वर्षभर ते परत येऊ शकले नाहीत. फ्रँको नोव्हेंबरमध्ये मेला, सेरात परतले ते १९७६ च्या ऑगस्टमध्ये.

१४/
त्या काळात त्यांना सांभाळले लॅटिन अमेरिकेने, आणि तिथे ऐकली गेली ती त्यांची कास्तिलियन. पुढे चिलीत पिनोशेच्या राजवटीनेही त्यांच्यासाठी दार बंद केले. १९८८ च्या जनमताच्या तोंडावर त्यांना देशात पाऊल ठेवू दिले नाही. हुकूमशहांना खुपली ती भाषा नव्हे, गायक होता.

१५/
आता २०१७. कॅटलोनियात स्वातंत्र्यासाठी एकतर्फी सार्वमत घोषित झाले. या प्रक्रियेत पारदर्शकता नाही, असे सेरात म्हणाले. समाजमाध्यमांवर त्यांना ‘फॅसिस्ट’ म्हटले गेले. ज्यांच्या अटकेचा हुकूम फॅसिस्टांच्या मित्राने काढला होता, त्यांच्यासाठी हा शब्द वापरला गेला.

१६/
२०१८ च्या डिसेंबरमध्ये बार्सिलोनातच ‘मेदितेर्रानेओ’मधील गाणी सादर होत असताना एका प्रेक्षकाने ओरडून कॅटलानमध्ये गाण्याची मागणी केली. सेरात यांनी थांबून त्याला समजावले, की या कार्यक्रमातली गाणी याच भाषेत लिहिलेली आहेत. पन्नास वर्षांपूर्वी एका भाषेची सक्ती झाली होती. आता आग्रह दुसरीचा होता.

१७/
हे दोन प्रसंग एकाच तराजूत तोलणे चूक ठरेल. १९६८ च्या मागणीमागे पोलीस आणि तुरुंग होते. २०१८ च्या मागणीमागे एक आवाज. शिवाय दीर्घकाळ दडपलेल्या भाषेला आपल्या माणसांकडून अधिक निष्ठा हवीशी वाटते, हे समजण्यासारखे आहे. तरी दोन्हींत गृहीतक एकच: भाषा आधी झेंडा, मग जीभ.

१८/
सेरात यांना सहसा ‘कॅटलानसाठी युरोव्हिजन सोडणारा गायक’ म्हणून आठवले जाते. ही आठवण खरी, पण अर्धी. कॅटलानवर बंदी होती तेव्हा ते तिच्यासाठी अडले. ती मोकळी झाल्यावर तिची सक्ती त्यांनी मानली नाही. या दोन्ही गोष्टी एकाच तत्त्वाच्या आहेत. भाषेवर प्रेम करण्याचा हक्क मागणाऱ्याने तो दुसऱ्या भाषेलाही दिला पाहिजे.

१९/
२३ डिसेंबर २०२२ रोजी, ७९ व्या वाढदिवसाच्या चार दिवस आधी, बार्सिलोनाच्या पालाउ सान्त जोर्दीमध्ये सेरात यांनी निरोपाची मैफल केली. त्या रात्री त्यांनी वडिलांच्या भाषेत गायले आणि आईच्याही. १९६८ मध्ये जे एका गाण्यापुरतेही मान्य झाले नव्हते, ते अखेरीस त्यांच्याच गावी, भरल्या सभागृहात घडले.