कॅथेड्रल मराठीतून पाहू या

मराठी वर्गाची सहल म्हटली की देऊळ नाहीतर बागेतले वनभोजन, हे ठरलेलेच. आमचे मत असे की एक सहल सॅलिसबरीच्या कॅथेड्रललाही काढावी आणि तिथे दिवसभर मराठीतच बोलावे. आम्ही चौघे नुकतेच तसे करून आलो, म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्या मुलांचे मराठी 'जेवायला बस', 'बूट जागेवर ठेव' इथपर्यंत छान चालते. पण इतिहास, यंत्रे, इमारती असा विषय निघाला की मुले इंग्रजीत शिरतात आणि मोठी माणसेही त्यांच्यामागोमाग जातात. स्वयंपाकघरापुरती उरलेली भाषा पुढच्या पिढीत तिथूनही निघून जाईल, अशी आम्हाला भीती वाटते.

कॅथेड्रलमध्ये मात्र बोलण्यासारखे पुष्कळ सापडते. पाया घातला १२२० साली आणि मुख्य इमारत १२५८ पर्यंत उभी राहिली. म्हणजे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी लिहिली गेली, तेव्हा हे कॅथेड्रल उभे होते! मनोऱ्यावरचे उंच शिखर पुढच्या शतकातले. एकूण उंची १२३ मीटर, ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त. मनोरा आणि शिखर यांनी सुमारे ६,५०० टन वजन वाढवले, आणि पाया मात्र जेमतेम चार फूट खोल. खाली ओली जमीन आणि खडीचा थर, त्यावर हा सारा डोलारा. मधले खांब भाराने वाकलेले नुसत्या डोळ्यांनी दिसतात. शिखर सुमारे ७५ सेंटिमीटर कलले आहे, हे क्रिस्टोफर रेन यांनी १६६८ मध्येच मोजले होते.

"मग ते पडत का नाही?" मुलाने विचारले. त्याचे उत्तर देताना कमान, टेकू, भार, तोल असे शब्द आपोआप आले. पाठांतर करावे लागले नाही. मुलीने वाद काढला, हे शिखर की कळस? शेवटी ठरले की वर निमुळते होत जाते ते शिखर आणि अगदी टोकाला असतो तो कळस. आत १३८६ च्या सुमाराचे एक घड्याळ आहे. त्याला तबकडी नाही, काटे नाहीत, ते फक्त तासाचे टोले देते. 'किती वाजले?' या प्रश्नातले 'वाजणे' कुठून आले, ते मुलांना तिथे कळले.

काही पालक म्हणतील, "आपल्या देवळांची माहिती नाही, तर चर्च कशाला?" शंका रास्त आहे. पण कळस, गाभारा, सभामंडप हे शब्द तुलना करतानाच पक्के होतात. मुले इथे वाढणार, तेव्हा इथले जग मराठीत सांगता आले तरच मराठी त्यांची राहील.

आणि एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. सॅलिसबरी ज्या विल्टशायर परगण्यात आहे, तिथल्याच बुश्टन गावचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला गेले. तिथे ते मराठी शिकले आणि सुमारे ११ हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' लिहिले. १६१६ मध्ये ते राचोलला छापले गेले. विल्टशायरच्या माणसाला येशूची कथा मराठीत सांगता आली, तर आपल्या मुलांना विल्टशायरचे कॅथेड्रल मराठीत का सांगता येऊ नये?

तेव्हा पालकहो, पुढच्या सत्रात ही सहल ठरवू या. नियम दोनच असावेत: प्रत्येक मुलाने एक प्रश्न मराठीत विचारायचा, आणि कोणत्या तरी आईबाबांनी त्याचे उत्तर मराठीतच द्यायचे. शब्द अडला तर इंग्रजी शब्द खुशाल वापरा, वाक्य मात्र मराठीच राहू द्या. डबे अर्थातच घरून आणावेत!