घाम सगळ्यांचा, पाणी कोणाचे?



एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी धावली. कोट्याच्या कारखान्यात वाघिणी धुऊन निघाल्या, मिरजेला भरल्या आणि १२ एप्रिलच्या पहाटे दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी लातूरला पोहोचले. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या गेल्या. रेल्वे कामगारांनी केलेल्या या ड्यूटीचा आम्हाला अभिमान आहे. पण पाणी गाडीने न्यायची पाळी का आली, हे विचारण्याचा हक्कही त्याच ड्यूटीने आम्हाला दिला आहे.

पाऊस कमी पडला, असे उत्तर मिळते. ते अर्धे खरे. उरलेले अर्धे उसाच्या फडात आणि बोअरच्या पाइपात सापडेल.

पाणलोटाचे काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचे असते. आधी डोंगरावर चर, मग ओघळीत दगडी बांध, शेवटी नाल्यावर बंधारा. आम्ही इंजिनियर नाही, पण ज्याने पावसाळ्यात मोरी तुंबून रुळाखालची खडी वाहून जाताना पाहिली, त्याला पाण्याचा स्वभाव शिकवावा लागत नाही. शासनाच्या जलयुक्त शिवारात मात्र बऱ्याच ठिकाणी माथा तसाच राहिला आणि यंत्रे नाल्यात उतरली. २०२० साली महालेखापरीक्षकांचा अहवाल आला : ९,६०० कोटींवर खर्च होऊनही भूजल वाढवण्यात योजनेचा परिणाम फारसा दिसला नाही. ठेकेदाराची बिले तेवढी निघाली असावीत!

आता श्रमदान. आम्ही श्रमदानाच्या विरोधात नाही. रजेवर गावी गेलेले आमचे किती तरी ट्रॅकमन फावडे घेऊन चर खणायला उभे राहिले आहेत. आमचा सवाल सरळ आहे. चर खणणारा भूमिहीन आणि मुरलेले पाणी दुसऱ्याच्या विहिरीत, हा कुठला न्याय? कारखान्यात याला बिनपगारी ओव्हरटाइम म्हणतात. गावात त्याला लोकसहभाग म्हणून हार घालतात.

यावर तोड निघालेली आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तेथे पाणी जमिनीच्या मापाने दिले नाही, माणसे मोजून दिले. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. ऊस बंद. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि ज्याच्या नावावर सात-बारा नाही, त्यालाही वाटा! अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने दुसरा धडा दिला. तेथे ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा हिशेब मांडते, मग पिके ठरतात. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे.

हे सर्व डोळ्यांसमोर असून पाणी वापर संस्थांचा २००५ चा कायदा झाला तो जमीनधारकांसाठीच. भूमिहीनाची आठवण कोणाला झाली नाही.

काही साथी म्हणतात, हा युनियनचा विषय नव्हे. मग निवृत्तीनंतर आपण राहणार कुठे? गावोगाव टपाल वाटणाऱ्या ग्रामीण डाक सेवकांना विचारा, उन्हाळ्यात कोणत्या वस्तीवर घरांना कुलपे असतात आणि ती माणसे ऊसतोडीला वा शहरात का गेली.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. यंदा रजेवर जाल तेव्हा ग्रामसभेला बसा. श्रमदानाचा ठराव आला की पाठिंबा द्या, पण त्याच ठरावात दोन ओळी घालून घ्या : साठलेल्या पाण्यात भूमिहीन कुटुंबांचा वाटा किती, आणि नवे बोअर कोणाच्या परवानगीने. त्या ओळी इतिवृत्तात चढल्याशिवाय सही करू नका.