शिवारातला धूर आणि इंजिनातली भुकटी

हंगाम संपला की महाराष्ट्राच्या शिवारात धुराचे लोट उठू लागतात. ऊसपट्ट्यात पाचट पेटते, विदर्भात पऱ्हाट्यांचे ढीग पेटतात. त्याच शिवारातला ट्रॅक्टर मात्र परदेशी खनिज तेलावर चालतो. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक आयात होते. घरचे इंधन पेटवून द्यायचे आणि बाहेरचे विकत आणायचे, हा व्यवहार कोणत्या शहाणपणात बसतो?

वाळलेल्या काडीकचऱ्याची भुकटी थेट इंजिनात जाळावी, ही कल्पना आज अद्भुत वाटते. वस्तुतः अंतर्ज्वलन इंजिनाचे बालपणच अशा भुकटीवर गेले. फ्रान्समधील निएप्स बंधूंनी १८०७ मध्ये सोन नदीवर ज्या इंजिनाने नौका चालविली, त्याचे इंधन होते लायकोपोडियम या वनस्पतीच्या बीजाणूंची पूड. नेपोलियनच्या स्वाक्षरीने त्यांना त्याचे पेटंटही मिळाले. पुढे रुडॉल्फ डिझेलनेही कोळशाच्या भुकटीचा विचार केला होता.

मग हा मार्ग मागे का पडला? तेल कंपन्यांचे कारस्थान, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु खरा अडसर राखेचा आहे. भाताच्या तुसात वजनाच्या पंधरा ते वीस टक्के राख निघते आणि तीही मुख्यतः सिलिका, म्हणजे वाळूचीच जात. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यामध्ये ती कानशीसारखी फिरते. भुकटी ओल धरते, नळीत तुंबते. हवेत उडाली तर एका ठिणगीने स्फोट होतो. शिवाय किलोभर वाळल्या काडीत सुमारे चार हजार किलोकॅलरी उष्णता, तर डिझेलात दहा हजारांच्या आसपास; दळण्याचा खर्च वेगळाच.

म्हणून आज व्यवहार्य मार्ग आहे तो वायूकरणाचा. काडीकचऱ्याचा वायू करून, तो गाळून इंजिनाला दिला की बहुतांश राख भट्टीतच राहते. दुसऱ्या महायुद्धातील टंचाईत आपल्याकडे कोळशाच्या वायूवर मोटारगाड्या धावल्या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने या तंत्रावर अनेक वर्षे काम केले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाच्या पाचटावर प्रयोग केले. ज्ञान घरचेच आहे. उणीव आहे ती त्याला गावापर्यंत नेणाऱ्या चिकाटीची.

मात्र एक भान सुटता कामा नये. पाचटावर पहिला हक्क जमिनीचा आहे. ते कुजून मातीत मिसळले तरच तिचा कस टिकतो. सगळेच ओरबाडून भट्टीत घातले, तर तेलाचे परावलंबन जाऊन खताचे वाढेल. जे आज पेटविले जाते, तेवढ्याचाच हिशेब मांडावा. त्याचे मोल दलालाच्या नव्हे, शेतकऱ्याच्या हाती पडावे. साखर कारखाने आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांनी मिळून तालुक्यात असा एक तरी संच अखंड चालवून दाखवावा. परिसंवादातील शंभर भाषणांपेक्षा तो एक संच शेतकऱ्याला अधिक पटेल.